शंभर टक्के पिच

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ओळ उमटते: 'प्रॉप पिच १००%'. प्रॉप म्हणजे प्रॉपेलर, विमानाच्या नाकावरचा पंखा. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे खेळ खेळणाऱ्याला ती इतकी सवयीची झालेली असते की वाचलीही जात नाही. टेकऑफला शंभर, चढताना नव्वद, मग ऐंशी. नवा खेळाडू आला की त्याला एवढं सांगून मोकळं व्हायचं. पण मधूनच एखादा नवखा अडतो. तो म्हणतो, पिच म्हणजे पात्याचा कोन ना? मग शंभर टक्के पिच म्हणजे पातं जास्तीत जास्त वळलेलं, हवेचा सगळ्यात मोठा घास घेणारं. धावपट्टीवर विमान अजून हललेलंही नसताना एवढा मोठा घास कशाला? प्रश्न बिनतोड आहे. उत्तर असं की स्क्रीनवरचे शब्द उलटे आहेत. शंभर टक्क्यांवर पातं सगळ्यात कमी कोनाकडे जातं, घास सगळ्यात लहान होतो, आणि इंजिनाला मोकळेपणाने फिरता येतं. यालाच फाइन पिच म्हणतात. टक्का उतरवत नेला की कोन वाढत जातो, तो कोर्स पिचकडचा प्रवास. हे ऐकून बहुतेक जण मान डोलावतात आणि पुढे जातात. मला मात्र ती ओळ टोचत राहते, कारण हा उलटेपणा तिचा धाकटा दोष आहे. थोरला दोष असा की अशा टक्क्याचा काटा खऱ्या ब्रिटिश स्पिटफायरमध्ये किंवा अमेरिकन मस्टँगमध्ये कुठेच नाही.

तिथे काय आहे? वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक चौकट आणि तिच्यात लिव्हर. मोठी मूठ थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी, शेजारची प्रॉपेलरची, बऱ्याच विमानांत तिसरी मिक्श्चरची, म्हणजे हवेत किती इंधन मिसळायचं ते ठरवणारी. चौकटीच्या बगलेला घर्षणाचा नॉब असतो. तो पिळला की लिव्हर जड होतात आणि ठेवल्या जागी राहतात. हा नॉब खेळात नसतोच, कारण कीबोर्डावरचा थ्रॉटल आपोआप मागे सरकत नाही. खऱ्या स्पिटफायरमध्ये चाकं वर घ्यायची लिव्हर उजव्या बाजूला होती. जमीन सुटली की डावा हात थ्रॉटलवरून काढून दांडीवर आणायचा आणि उजव्याने चाकं उचलायची. नॉब सैल राहिला असेल तर नेमक्या त्याच क्षणी थ्रॉटल थरथरत मागे येऊ लागतो, कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. समोरच्या पाटीवर दोन घड्याळं महत्त्वाची: एक इंजिनाचे फेरे दाखवणारं, दुसरं सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारं. इंग्रज त्याला बूस्ट म्हणत आणि पौंडांत मोजत, अमेरिकन मॅनिफोल्ड प्रेशर म्हणत आणि पाऱ्याच्या इंचांत मोजत. पात्याचा कोन दाखवणारं तिथे काही नाही. तो कोन वैमानिकाला माहीत नसतो आणि त्याला त्याची गरजही पडत नाही.

हातातली लिव्हर पात्याशी बोलतच नाही.

ती बोलते गव्हर्नरशी, म्हणजे फेरे राखणाऱ्या यंत्राशी. इंजिनाच्या नाकाजवळ बसवलेली, दोन्ही हातांत मावेल एवढी वस्तू. आत इंजिनाच्या गतीप्रमाणे कमीजास्त वेगाने फिरणारी छोटी वजनं, त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग आणि मधोमध तेलाची झडप. फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंगला मागे रेटतात, झडप सरकते, तेलाचा दाब बदलतो आणि पाती जास्त कोनात वळतात. घास मोठा झाल्यामुळे इंजिनावर भार येतो आणि फेरे पुन्हा खाली येतात. फेरे कमी झाले की सगळं उलट्या दिशेने. वैमानिकाची लिव्हर फक्त त्या स्प्रिंगचा ताण बदलते. म्हणजे ती एक मागणी आहे: मला मिनिटाला ३००० फेरे हवेत, ते कसे राखायचे ते तू बघ. मग विमान चढो, उतरो, गिरकी घेवो, पाती सतत हलत राहतात आणि फेऱ्यांचा काटा ३००० वर गप्प बसून असतो. म्हणूनच लिव्हर एका जागी असताना 'पिच ८५%' दाखवणं मला चुकीचं वाटतं. त्याच ८५ टक्क्यांवर पात्याचा कोन दर सेकंदाला वेगळा असतो.

किती वेगळा, तेही काढून बघावं. मस्टँगच्या प्रॉपेलरचा व्यास ३.४ मीटर. इंजिन ३००० फेरे घेत असलं तरी मधल्या गिअरमुळे प्रॉपेलर मिनिटाला सुमारे १४३७ वेळा फिरतो. पात्याचं टोक तेव्हा सेकंदाला २५६ मीटर वेगाने वर्तुळात धावत असतं. मध्यापासून पाऊण अंतरावरचा भाग घेतला तर त्याचा वेग १९२ मीटर. विमान ४५ मीटर प्रति सेकंदाने जमीन सोडत असताना त्या भागावर हवा साधारण १३ अंशांनी येते. तेच विमान १६० मीटर प्रति सेकंदाने पळू लागलं की ४० अंशांनी. पात्याला हवेपेक्षा थोडेच अंश पुढे राहायचं असतं. कोन १५ अंशांवर खिळलेला असेल तर वेगात पातं हवेला ढकलण्याऐवजी हवाच पात्याला ढकलेल, आणि कोन ४५ वर खिळलेला असेल तर धावपट्टीवर पातं हवेत नुसतंच घुसळत बसेल. शिवाय टोकाचा स्वतःचा वेग आणि विमानाचा वेग मिळून सेकंदाला ३०० मीटरच्या पुढे जातात. आठ हजार मीटर उंचीवर ध्वनीचा वेगच जेमतेम ३०८ आहे. गिअर नसता आणि प्रॉपेलर इंजिनाइतकाच फिरला असता, तर टोकं केव्हाच ध्वनीपलीकडे गेली असती आणि इंजिनाची ताकद गोंगाटात वाया गेली असती.

सायकलच्या किंवा मोटारीच्या गिअरची उपमा इथे हटकून दिली जाते. पहिला गिअर म्हणजे फाइन, चौथा म्हणजे कोर्स. ही उपमा एका विमानाला नेमकी लागू पडते: १९३९ च्या स्पिटफायरला. सुरुवातीच्या स्पिटफायरना दोन पात्यांचा लाकडी, न हलणारा प्रॉपेलर होता. मग डी हॅविलँड कंपनीचा तीन पात्यांचा आला, त्याला दोनच जागा: फाइन आणि कोर्स. फाइनमध्ये उडायचं, वर गेल्यावर कोर्समध्ये टाकायचं. कोर्समध्येच टेकऑफ करायला निघालेलं विमान धावपट्टी खात जातं आणि उठत नाही. असे अपघात झाले. १९४० च्या जूनअखेरीस डी हॅविलँडची माणसं तळोतळी फिरली आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांनी हजाराहून अधिक स्पिटफायर आणि हरिकेनवर गव्हर्नर बसवून दिले, ऐन ब्रिटनवरच्या हवाई लढाईच्या धामधुमीत. त्या दिवसापासून गिअरची उपमा लंगडी झाली. गिअरमध्ये प्रमाण ठरलेलं असतं आणि फेरे बदलतात. इथे फेरे ठरलेले आणि प्रमाण बदलत राहतं.

खेळात सगळ्यात मोठी फसगत होते ती जर्मन मेसरश्मिट १०९ मुळे. सुरुवातीच्या १०९ ई मध्ये गव्हर्नर नव्हता. विजेच्या मोटरने पाती फिरत आणि वैमानिक बटण दाबून कोन स्वतः बदलत असे. त्याच्या पाटीवर मात्र कोन दाखवणारं यंत्र खरोखर होतं, घड्याळासारखं, दोन काट्यांचं. टेकऑफला बारा वाजलेले. वेग वाढेल तसे काटे मागे फिरवत न्यायचे. म्हणजे टक्क्याची ती ओळ कुठे शोभलीच तर या एका विमानात शोभते. पण खेळ काय करतात? तीच कळ, तोच टक्का, स्पिटफायरला आणि १०९ ला. एकीकडे ती फेरे मागते, दुसरीकडे पातं थेट वळवते. स्पिटफायरची सवय घेऊन १०९ मध्ये बसलेला खेळाडू सूर मारतो, पिच आहे तिथेच ठेवतो, आणि पाचसहा सेकंदांत फेऱ्यांचा काटा लाल रेघेपलीकडे जातो. तिथे सूर मारायच्या आधीच कोन वाढवायला सुरुवात करायची असते. काटा वर गेल्यावर बटण दाबलं तर मोटर तेवढ्या लवकर पाती वळवू शकत नाही. पुढच्या १०९ मध्ये स्वयंचलित यंत्रणा आली तरी हाती चालवायची सोय ठेवली होती. जुन्या 'इल-२' या खेळात काही खेळाडू चढाईत क्षणभर हाती नियंत्रण घेऊन फेरे मर्यादेबाहेर नेत आणि इंजिन तापण्याआधी परत स्वयंचलितवर येत. खेळाच्या गणितातली फट सापडली होती. खऱ्या इंजिनात ती चाल बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड यांच्या जिवावर खेळलेली असती.

गव्हर्नरलाही हद्द असते, हे लक्षात ठेवायला हवं. पाती एका टोकाला किंवा दुसऱ्या टोकाला अडली की तो हतबल होतो. तीव्र डाइव्हमध्ये पाती पूर्ण कोर्सला जाऊन टेकतात आणि मग हवा प्रॉपेलरला पवनचक्कीसारखी फिरवू लागते. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला डाइव्हमध्ये ३६०० फेऱ्यांपर्यंत मुभा होती, तीही २० सेकंद. दुसरं टोक उतरताना भेटतं. वेग कमी, थ्रॉटल मागे, पाती फाइनच्या अडसरावर. आता थ्रॉटल हलवला की फेरे सरळ बदलतात, जणू न हलणारा प्रॉपेलर आहे. म्हणूनच उतरताना प्रॉपेलरची लिव्हर शेवटच्या टप्प्यात पुढे करतात. तेव्हा ती पुढे ढकलली तरी इंजिन ओरडत नाही, आणि परत वर जायची वेळ आली तर पूर्ण ताकद हाताशी असते. आधीच, वेगात असताना, ढकलली तर इंजिन एकदम किंचाळतं आणि विमानाला कुणी मागून दोरीने ओढल्यासारखा हिसका बसतो.

आवाजाचं तर वेगळंच शास्त्र आहे. गव्हर्नरच्या ताब्यात असलेल्या इंजिनाचा थ्रॉटल वाढवला तर सूर बदलत नाही. फेरे तेच, फक्त आवाजाला वजन येतं, पाठीला आसन जास्त रेटतं, एक्झॉस्टचा खर्ज दाट होतो. सूर बदलतो तो प्रॉपेलरची लिव्हर हलवल्यावर. हेडफोन लावून खेळणारा नवखा थ्रॉटल पुढेमागे करतो आणि आवाज तसाच राहिला की कळ बिघडली असं समजतो. त्याने बूस्टच्या काट्याकडे बघायला हवं. ताकद तिथे दिसते. दोन इंजिनांच्या विमानात दोन्हींचे फेरे दहावीस जरी इकडेतिकडे झाले तरी वँव... वँव... अशी लाट कानात उठते. वैमानिक एक लिव्हर केसाएवढी हलवत राहतो, लाट लांबत लांबत जाते आणि एका क्षणी विरते. काट्यावर एवढा सूक्ष्म फरक दिसतच नाही, तो कानालाच कळतो.

क्रम चुकला की काय होतं, इथे खेळ सगळ्यात जास्त हात राखून वागतात. नियम छोटा आहे: ताकद वाढवताना आधी मिक्श्चर, मग फेरे, शेवटी थ्रॉटल; कमी करताना आधी थ्रॉटल, मग फेरे. कारण साधं आहे. थ्रॉटल दाब वाढवतो. फेरे कमी असताना दाब जास्त दिला तर सिलिंडरमधलं मिश्रण दाबाखाली आणि उष्णतेत जास्त वेळ अडकून पडतं. ठिणगीने पेटलेली ज्योत पलीकडच्या कोपऱ्यात पोचायच्या आत तिथलं उरलेलं मिश्रण आपोआप, एकदम पेटतं. याला डेटोनेशन म्हणतात. मोटारीत ते खडखडाटाने ऐकू येतं, विमानात प्रॉपेलर आणि एक्झॉस्टच्या गोंगाटात ते बुडून जातं. पिस्टनच्या माथ्यावर हातोडीचे घाव बसत राहतात, धातू मऊ होतो, कडा झिजतात, शेवटी भोक पडतं. वैमानिकाला पहिली बातमी मिळते ती वाढत्या तापमानाची किंवा समोरच्या काचेवर आलेल्या तेलाची. बऱ्याच खेळांत मात्र पिच ४० टक्के आणि थ्रॉटल शंभर ठेवून निवांत उडता येतं. तिथे फक्त तापमान मोजलं जातं. डीसीएस या खेळातल्या मस्टँगने या बाबतीत खेळाडूंना वठणीवर आणलं. तिथे फेरे न वाढवता दाब चढवला तर इंजिन खरोखर हातचं जातं, आणि संथ वेगात ताकद लावून चढत राहिलं तरीही.

आता या नियमाला छेद देणारी गोष्ट. १९४४ मध्ये प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग पॅसिफिकमध्ये ४७५व्या फायटर ग्रुपबरोबर पी-३८ हे दोन इंजिनांचं लढाऊ विमान उडवत होता. मोहिमेवरून परतल्यावर त्याच्या टाक्यांत इतरांपेक्षा बरंच जास्त इंधन शिल्लक राही. तो फेरे १६०० पर्यंत उतरवायचा, मिक्श्चर ऑटो-लीनवर, म्हणजे कमी इंधनाच्या मिश्रणावर, टाकायचा आणि त्या मानाने मॅनिफोल्ड प्रेशर चढं ठेवायचा. बाकीचे वैमानिक याच्या उलट, चढे फेरे आणि कमी दाब ठेवून उडत. त्यांना भीती होती की त्याच्या पद्धतीने इंजिनं खराब होतील. झाली नाहीत. फेरे कमी म्हणजे घर्षण कमी, आणि पूर्ण ताकदीच्या मानाने तो दाब धोक्याच्या बराच खाली होता. वरच्या नियमात 'जास्त' हा शब्द तक्त्याला विचारून वाचायचा असतो: अमुक फेऱ्यांना अमुक दाब चालतो, त्यापुढे नाही. खेळात हे शिकायची वेळच येत नाही. वीस मिनिटांची चकमक, टाकीत पाव भाग इंधन, मेलं तर नवीन विमान. पिच शंभरवर ठेवून विसरून जाणं हे तिथे खरोखरच शहाणपणाचं ठरतं, आणि घोडं पेंड खातं ते इथेच. प्रॉपेलरची लिव्हर ही मुळात लांब पल्ल्याची, घरी परत येण्याची लिव्हर आहे. परत यायची गरजच काढून टाकली की तिचं काम संपतं.

अमेरिकन पी-४७ थंडरबोल्टमध्ये तर थ्रॉटल, प्रॉपेलर, मिक्श्चर यांच्या जोडीला टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची, चौथी लिव्हर. क्रम ठरलेला: आधी थ्रॉटल पूर्ण, उंची वाढून दाब घसरू लागला की मग टर्बो. खाली येताना टर्बो आधी मागे. खालच्या हवेत टर्बो पुढे राहिला तर दाब मर्यादेबाहेर उसळतो. विरळ हवेत फार ओढला तर टर्बोचं चाकच प्रमाणाबाहेर फिरतं. शिवाय काऊल फ्लॅप म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या हवेच्या झडपा, ऑइल कूलरची दारं, इंटरकूलरची दारं वेगवेगळी. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जर्मन फोके-वुल्फ १९०. तिच्या बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनावर कोमांडोगेरेट नावाचं यंत्र होतं. वैमानिकाने एकच लिव्हर ढकलायची. फेरे, मिश्रण, ठिणगीची वेळ, सुपरचार्जरचा गिअर हे सगळं तेलाच्या दाबावर आणि तरफांवर चालणारं ते यंत्र जुळवून घेई. एकाच कळीवर चालणाऱ्या सोप्या खेळाला 'खोटा' म्हणून हिणवणाऱ्यांनी हे विमान आठवावं. तिथे एक लिव्हर हेच वास्तव होतं. खोटेपणा असतो तो तीच सोय थंडरबोल्टला देण्यात, कारण मग लढाईत जर्मन वैमानिकाचा एक हात आणि एक डोळा मोकळा होता, ही गोष्ट खेळातून पुसली जाते.

आणीबाणीच्या ताकदीची पाच मिनिटं हा असाच एक भांडणाचा विषय. मस्टँगचा थ्रॉटल ६१ इंच दाबावर एका अडसराला येऊन थांबतो; त्यापुढे ६७ इंचांपर्यंत जायचं तर बारीक तार तोडून ढकलावा लागतो. पुस्तकात लिहिलंय पाच मिनिटं. काही खेळ हे शब्दशः घेतात: घड्याळ लागतं आणि वेळ संपली की इंजिन बिघडतं. काही खेळ फक्त कूलंटचं तापमान बघतात. थोडं थंड करून घेतलं की पुन्हा पाच मिनिटं, दिवसभर. दोन्ही मला पटत नाहीत. पाच मिनिटं हा बाँबचा टायमर नव्हता आणि बिनव्याजी उधारीही नव्हती. सहाव्या मिनिटाला काही होत नसे. दहाव्यालाही बहुधा नाही. पण इंजिनाच्या आयुष्यातून प्रत्येक मिनिट भराभर कापलं जाई आणि वैमानिकाला त्याची नोंद करावी लागे. तुटलेली तार बघून जमिनीवरचा मेकॅनिक समजून जाई. मग तेलाच्या जाळीत धातूचे कण आलेत का ते बघणं, प्लग काढून तपासणं, हे त्याच्या कपाळी. खेळात हा माणूस नाही. दर वेळी नवंकोरं इंजिन मिळतं, त्यामुळे कालच्या उधळपट्टीचं आज कुणी देणं लागत नाही.

ज्याला हे खेळात जमेल तेवढं नीट करायचं आहे त्याच्यासाठी काही गोष्टी. पिचला कळ देऊ नका, अक्ष द्या. जॉयस्टिकवरचा एखादा स्लायडर चालेल. पाच पाच टक्क्यांच्या उड्यांनी हव्या त्या फेऱ्यांवर कधीच नेमकं येता येत नाही. अक्ष उलटा तर लागला नाही ना ते जमिनीवरच बघा: लिव्हर पुढे म्हणजे फेरे जास्त. दोन्ही टोकांना दोनतीन टक्के मृत जागा, म्हणजे खेळाने टोकच समजावी अशी पट्टी, ठेवा, नाहीतर लिव्हर पूर्ण पुढे असूनही खेळाला ती ९८ वर दिसेल आणि टेकऑफला फेरे कमी पडतील. मग स्क्रीनवरची टक्क्याची ओळ बंद करा आणि स्लायडरच्या कडेला कागदी पट्टी चिकटवा. विमान सरळ पातळीत ठेवून हळूहळू लिव्हर मागे घ्या आणि काट्यावर फेरे बघत पट्टीवर खुणा करा. स्पिटफायर नऊसाठी चार खुणा पुरतात: लढाईला ३०००, चढायला २८५०, सलग उडायला २६५०, इंधन वाचवायला १८००. सोबतचा बूस्टही लिहून ठेवा: ३००० ला १८ पौंड आणि पाच मिनिटं, २८५० ला १२ पौंड आणि तास, २६५० ला ७ पौंड आणि हवं तेवढं. दोनतीन दिवसांत हाताला जागा कळतात. इंजिन बंद पडलं तर लिव्हर पूर्ण मागे ओढा: तेलाचा दाब शिल्लक असेतो पाती कोर्सला जातात, फिरणाऱ्या प्रॉपेलरचा अडथळा घटतो आणि विमान लांबवर तरंगतं. हे खऱ्या विमानातही खरं आहे, पण तेल गेलं असेल तर बनावटीवर अवलंबून. एका इंजिनाच्या आजच्या बहुतेक छोट्या विमानांत तेलाचा दाब कोन वाढवतो, म्हणून तेल गेलं की पाती फाइनला पळतात आणि फेरे सुटतात. थ्रॉटल मागे आणि नाक वर करून वेग कमी करणं एवढंच हातात राहतं. दोन इंजिनांच्या विमानांत बहुधा मुद्दाम उलटं करतात, तेल गेलं की पाती हवेला कड देऊन उभी राहतात.

सुरुवात आणि शेवट हे दोन तर खेळात एकेका कळीत उरकतात. खऱ्या रेडियल इंजिनात, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या इंजिनात, रात्रभरात तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं. तसंच चालू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि रॉड वाकतो. म्हणून स्विच बंद ठेवून आठदहा पाती हातांनी मोजून फिरवायची, कुठे अडलं तर जोर न लावता खालचे प्लग काढायचे. मर्लिनला टेकऑफच्या आधी तेल १५ अंश आणि कूलंट ६० अंश तरी हवं, पण स्पिटफायरला जमिनीवर फार वेळ थांबताही येत नाही, रेडिएटरपुढे चाकाचा पाय येतो आणि कूलंट भराभर तापतं. निघण्याआधी प्रॉपेलरची लिव्हर दोनतीनदा मागे ओढून पुढे करायची. छोट्या विमानात हे १७०० फेऱ्यांच्या आसपास करतात. पहिल्यांदा ओढली की काहीच होत नाही, हबमधलं, म्हणजे प्रॉपेलरच्या मधल्या गाभ्यातलं तेल थंड, दाट. मग फेरे अनिच्छेने उतरतात. दुसऱ्यांदा लवकर. तिसऱ्यांदा हात हलताक्षणी. गरम तेल टोकापर्यंत पोचल्याची ती खूण. फेरे उतरताना मॅनिफोल्ड प्रेशर किंचित वर आणि तेलाचा दाब किंचित खाली गेला पाहिजे. तिन्ही काटे हलले तरच गव्हर्नर जागा आहे.

बंद करताना टी-६ टेक्सनसारख्या विमानात उलटं. तिच्या प्रॉपेलरमध्ये तेल एका सिलिंडरला पुढे ढकलून पाती फाइनला आणतं आणि बाहेरची वजनं पातीला कोर्सकडे ओढतात. उभं करताना फेरे जरा वाढवून प्रॉपेलरची लिव्हर पूर्ण मागे घ्यायची. वजनं पाती वळवतात, हबमधलं तेल इंजिनात परत जातं, सिलिंडर मागे सरकून पिस्टनला झाकतो. फेरे उतरले की मिक्श्चर बंद. हे करायचं राहिलं तर पिस्टनचा घासून चकचकीत झालेला भाग धुळीला आणि दमट हवेला उघडा पडतो आणि पुढच्या वेळी तेलाची सील तिथून झिरपू लागते. खेळात इंजिन बंद झाल्यावरही कोपऱ्यातली ओळ तशीच असते, 'प्रॉप पिच १००%'. उभ्या टेक्सनच्या नाकाशी गेलं तर काहीही वाचावं लागत नाही. पिस्टन झाकलेला असेल तर शेवटी उतरलेल्याने लिव्हर मागे घेतली होती. चमकताना दिसला तर कुणीतरी फडकं घेऊन यायचं आणि तो पुसायला लागायचं.